लेकराची पहिली थेरपी अपॉइंटमेंट: घरी पोपट, शाळेत गप्प. काय तयारी करावी?

सेलूवाली | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचक होते, पहिल्यांदाच धागा काढायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी सहा वर्षांची, पहिलीत, इंग्लिश मिडियम. इथं तिला चिऊ म्हणते. घरात तिचं तोंड एक मिनिट बंद नसतं, आज्जीसोबत तर उठल्यापासून भांडण, गजगे खेळताना चिटिंग, वरून आज्जीलाच रडी म्हणणार. पण शाळेच्या गेटात पाय टाकला की संपलं, एक शब्द नाही. नर्सरीपासून हेच. आम्हाला वाटलं लाजाळू आहे, होईल मोठी तसं बोलेल. नोव्हेंबरात टीचरनी बोलावून सांगितलं की हजेरीला 'प्रेझेंट' पण म्हणत नाही, नुसता हात वर करते. आणि मागच्या महिन्यात तीनदा युनिफॉर्म ओला करून आली. मी बटाटे चिरत होते, ती बाजूला बसलेली, म्हणलं बाई गं टीचरला सांगायचं ना सुसूला जायचंय म्हणून. तर म्हणते, "मम्मी, तिथं माझं तोंड उघडतच नाही." एवढं सहज म्हणली, जसं काही डब्याचं झाकण उघडत नाही. मला पुढं चिरायलाच सुधरेना.

संक्रांतीला तर कहर. घरात बायका वाणाला आलेल्या, जो तो तिच्या हातावर तिळगूळ ठेवून "गोड बोल" म्हणायला, आणि एक विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणल्या की बाकीच्यांना गोड बोल म्हणतात, हिला नुसतं बोल म्हणावं लागतंय. सगळ्या हसल्या. चिऊ माझ्या पदरात तोंड घालून बसली ते बायका गेल्यावरच निघाली.

परभणीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी चिठ्ठी दिली, त्यावर प्रश्नचिन्ह टाकून 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' (म्हणजे घरी बोलणारं लेकरू ठराविक ठिकाणी बोलूच शकत नाही) लिहिलंय आणि संभाजीनगरच्या एका चाईल्ड सायकॉलॉजिस्ट मॅडमचं नाव दिलं. पुढच्या शनिवारी सकाळी ११ ची अपॉइंटमेंट आहे. आता डोक्यात नुसता गोंधळ. तिला काय सांगून न्यायचं? सोबत काय काय न्यायचं? तिथं पण ती बोललीच नाही तर मॅडमना कळणार कसं, पैसे वाया का? आणि सासूबाई म्हणायल्यात की डोक्याच्या डॉक्टरकडं नाव लागलं की पोरीच्या लग्नाला आडवं येतं. नवरा हो ला हो करतो, दोघांना पण. सांगा काहीतरी.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११:४२

ताई आधी एक ग्लास पाणी प्या. अपॉइंटमेंट घेतली ना, अर्धं काम झालं. आम्हाला या पायरीला यायला दोन वर्ष लागली होती (पोरगा, एडीएचडी म्हणजे अतिचंचल, लक्ष टिकत नाही, आता चौथीत).

माझा अनुभव सांगतो. पहिल्या भेटीत लेकराला कमी आणि आपल्यालाच जास्त विचारतात. पोटात असताना काही त्रास होता का, जन्मतः वजन किती, लगेच रडला का, कधी बसला, कधी चालला, पहिला शब्द कधी. मी तोंड आ करून बायकोकडं, बायको माझ्याकडं. मॅडम पेन धरून बसलेल्या. तर ते लसीचं कार्ड असतं ना, आशाताई भरून घेतात ते माता-बाल संरक्षण कार्ड, ते शोधून ठेवा, वजन-बिजन सगळं त्यात असतं. बाकीचं एका कागदावर आधीच लिहून काढा, सासूबाईंना विचारून. पहिला शब्द कधी बोलली हे आज्ज्यांना तारखेसहित आठवतं.

कडू_कारलं | बुधवार, सकाळी ७:१५

आमच्या वेळी असले आजार नव्हते. लेकरू लाजतंय, त्याला थेरपी! मूळ दुखणं इंग्लिश मिडियम आहे. घरी "काय करायलीस गं" आणि शाळेत "व्हॉट आर यू डुइंग". लेकरानं बोलावं कोणत्या भाषेत? काढा तिथून, जिल्हा परिषदेच्या शाळेत टाका, आठ दिवसात पोपटावानी बोलंल. फी माझी नको, मुद्दा पटला तर तिळगूळ पाठवा.

सेलूवाली | बुधवार, सकाळी ८:०५

दादा आम्हाला पण हेच वाटलं होतं. पण ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांशी पण बोलत नाही, ते तर आपलंच मराठी बोलतात. माझी सख्खी बहीण आली तरी दोन दिवस नुसती मान हलवते, तिसऱ्या दिवशी कानात, आणि मावशी जायच्या दिवशी मग मोठ्यानं. भाषेचं असतं तर मावशीला काय प्रॉब्लेम?

वाचा_मदत | बुधवार, दुपारी १:३०

लातूरला स्पीच थेरपिस्ट आहे, जेवणाच्या सुट्टीत टाईप करतेय म्हणून तुकड्या-तुकड्यात वाटेल.

आधी हे: इथं बसून कोणी निदान करू नये, मी पण नाही. तुमच्या डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह टाकलंय ते बरोबर टाकलंय, ते पुसायचं की ठेवायचं हे शनिवारच्या मॅडम ठरवतील.

कारलेदादांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही बरं का. नवीन भाषेच्या शाळेत गेलेलं लेकरू काही महिने गप्प राहू शकतं, नुसतं ऐकत राहतं, ते नॉर्मल आहे. म्हणून तर तपासणारा माणूस विचारतोच की घरची भाषा कोणती, शाळेची कोणती. पण ताई आत्ता तुम्ही मावशीचं जे लिहिलंत ना, पहिल्या दिवशी मान, तिसऱ्या दिवशी कानात, मग मोठ्यानं, ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. मॅडमना सोन्यासारखी माहिती आहे ती. असंच प्रत्येक माणसाचं लिहा. आज्जीशी मोठ्यानं, बाबांशी मोठ्यानं पण पाहुणे असतील तर हळू, शेजारच्या मुलीशी खेळताना, किराणावाल्याशी फक्त बोट दाखवून. फोनवर बोलते का? रिक्षात बोलते का? शाळेच्या गेटाच्या बाहेर नेमकं कुठपर्यंत बोलते? काही लेकरं वडाच्या झाडापर्यंत बोलतात आणि झाडापासून पुढं गप्प. हसू नका, खरंच असं असतं.

दुसरं, व्हिडिओ. तिथं बोलली नाही तर कळणार कसं म्हणालात, तर हे त्याचं उत्तर. घरात ती बोलत असताना दोन-तीन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ काढा, तिच्या लक्षात न येऊ देता, आज्जीसोबत भांडतानाचा तर नक्कीच. त्यातून मॅडमना उच्चार, वाक्यं, आवाज सगळं कळतं. आणि नाहीच बोलली तर पैसे वाया वगैरे काही नाही, हे लेकरू अनोळखी ठिकाणी बोलत नाही हीच तर तक्रार घेऊन तुम्ही चाललात. ताप दाखवायला गेल्यावर दवाखान्यात ताप असला तर डॉक्टर रागावतात का?

कानाची तपासणी झाली नसेल तर ती पण करायला सांगतील बहुतेक. घरी नीट ऐकू येतं असं वाटत असलं तरी करतात, कागदावर नोंद लागते.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. याला पूर्वी 'इलेक्टिव्ह' म्युटिझम म्हणायचे, म्हणजे लेकरू ठरवून, मुद्दाम गप्प बसतं असा समज होता. १९९४ मध्ये नाव बदलून सिलेक्टिव्ह केलं, आणि २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) पासून ते सरळ अँक्झायटीच्या, म्हणजे भीती-चिंतेच्या गटात धरतात. हट्ट नाही हा. तिनं तुम्हाला सांगितलंच आहे की, तोंड उघडत नाही. पुस्तकात पण जवळपास हेच लिहिलेलं असतं, फक्त इंग्रजीत.

राहिलेलं रात्री लिहिते, पेशंट आला.

आक्का_उदगीर | बुधवार, दुपारी ३:२०

सून टाईप करून द्यायली. माझा नातू तीन वर्षाचा होस्तोवर बोलत नव्हता तवा वेखंड उगाळून मधात जिभेला लावलं, दृष्ट काढली, औंढ्याला जाऊन आलाव. पुढं बोलला. कशानं बोलला देवाला ठाव. पर तुमची तर घरी बोलायलीय, मंग जिभीला लावून काय फायदा, जीभ तर चांगलीच हाय. सासूला नावं ठिवू नका. तिला बी दवाखान्यात घिऊन जावा. घरी ठिवलं की तिच्या मनात नस्ते इचार येत्यात, संग नेलं की ती तुमच्याकडून भांडंल.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी ३:४१

आक्का 🙏 जीभ तर चांगलीच हाय. विषय संपला.

बीडकर_बाप | बुधवार, रात्री ९:०३

थोडं कडू पण कामाचं सांगतो, कारण मी फसलोय.

पोराला आधी घेऊन गेलो होतो एका सेंटरला, नाव नाही सांगणार. काचेचं दार, भिंतीवर कार्टून, एसी. पोराला नीट बघितलं पण नाही, वीस मिनिटात सांगितलं की ३० सेशनचं पॅकेज घ्या, आज भरले तर १० टक्के सूट. मी सोयाबीनचे पैसे आलेले होते ते भरले. प्रत्येक वेळी नवीन पोरगी, कोणी शिकाऊ, कोणी नुसती टीचर. बाराव्या सेशनला पोरगा गाडीतून उतरायलाच तयार नाही. पैसे परत मागितले तर रिसिटच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं.

म्हणून ताई, डिग्री विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर ह्यांची नोंदणी आरसीआयकडं असते, भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्याची. नंबर असतो, चांगला माणूस विचारल्यावर रागवत नाही, भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवतो. दुसऱ्या ठिकाणी मी हेच विचारलं, त्या मॅडम हसल्या, म्हणल्या पहिल्यांदा कोणत्या बापानं विचारलं. आणि पहिल्याच दिवशी पॅकेज भरू नका. एक भेट, एक फी. पुढचं नंतर.

परभणी_अप_डाऊन | बुधवार, रात्री ९:३०

प्रवासाचं मी सांगतो, पंधरा वर्ष हाच धंदा आहे. ११ ची वेळ म्हणजे सेलूहून सकाळची मराठवाडा एक्सप्रेस. पण ती हायकोर्ट-ऑफिसवाल्यांनी खचाखच असते, लेकरू उभं राहून दमलं की तिथं जाऊन चिडचिड करणार, रिझर्व्हेशन बघा किंवा मग आदल्या दिवशी जा. आदल्या दिवशी नातेवाईकाकडं उतरणार असाल तर त्यांना आधीच फोन करून सांगा की पोरीला "बोल ना, नाव सांग ना" करायचं नाही. नाहीतर रात्रभर इंटरव्ह्यू होऊन लेकरू सकाळी आधीच कुलूप लावून जाईल. आणि अपॉइंटमेंट ११ ची म्हणजे आत जायला साडेअकरा होतातच, डबा सोबत ठेवा, भुकेलं लेकरू आणि दवाखाना हे कॉम्बिनेशन वाईट.

ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांच्यासाठी पण लिहून ठेवतो, धागा पुढं कोणी वाचेल. संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, माझ्या मावसभावाच्या पोराचं तिथंच चालू आहे, वेळ जातो पण माणसं चांगली भेटली. शाळेत, अंगणवाडीत जी तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, त्यांना पण सांगता येतं. ते ० ते १८ वयाची मुलं बघतात आणि पुढं जिल्ह्याच्या सेंटरला पाठवतात, डीईआयसी म्हणतात त्याला. आणि १४४१६, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. हा नंबर लेकराच्या आई-बापासाठी पण आहे हे विसरू नका.

मीही_गप्पच | बुधवार, रात्री ११:५५

हा धागा सकाळपासून उघडून बंद करायलेय. मी केज तालुक्यातली, आता ३४ वय. मी पाचवीपर्यंत शाळेत बोलले नाही. मराठी शाळा होती कारलेदादा, जिल्हा परिषदेचीच, गुरुजी गावातलेच.

आधी एक विनंती, धाग्याच्या नावातला तो शब्द काढा ना ताई. 'शाळेत मुकी'. तो माझं नाव होता. खरंच नाव, हजेरीपटावर नसेल पण सगळ्यांच्या तोंडात. कोणी नवीन पाव्हणं आलं की "ही ती मुकी".

मला तेव्हा काय वाटायचं ते सांगते, तुमच्या चिऊला सांगता येणार नाही म्हणून. शब्द डोक्यात पूर्ण तयार असायचा. पाढा पाठ असायचा. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं की गळ्यात असं गच्च व्हायचं, जसं थंडीत गार पाणी एकदम प्यायल्यावर होतं. आणि जेवढा वेळ वर्ग माझ्याकडं बघायचा तेवढं ते गच्च व्हायचं. "बोल, बोल, घाबरू नको" हे सगळ्यात वाईट, कारण त्यानं अजून दहा जण बघायला लागायचे.

चौथीत एकदा पोरींसोबत खेळताना माझ्या तोंडून "आऊट!" निघून गेलं. मोठ्यानं. सगळ्या थांबल्या आणि मग ओरडल्या, "बोलली! बोलली!", बाईंना बोलवून आणलं, बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या अख्ख्या वर्गाला. चांगल्या मनानंच. त्यानंतर मी किती महिने तोंड उघडलं नाही ते मोजलं नाही.

म्हणून एवढंच सांगते. शनिवारी ती एखादा शब्द बोलली तर काही करू नका. टाळी नाही, "शाब्बास" नाही, डोळे मोठे नाहीत. जसं काही रोजचंच आहे. आणि जाताना लालूच दाखवू नका, "मॅडमशी बोललीस तर डॉल घेऊन देईन" वगैरे, नाहीतर ती तिथून हरून परत येईल.

वाचा_मदत | गुरुवार, रात्री १२:२०

वरची पोस्ट वाचून झोप उडाली. मी सकाळी लांबलचक लिहिणार होते त्यातलं बरंचसं यांनी लिहिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

राहिलं ते एवढंच, की चिऊला काय सांगायचं. खोटं सांगू नका. "फिरायला चाललो", "मामाकडं चाललो" सांगून क्लिनिकला नेलेलं लेकरू दुसऱ्या वेळी चप्पलच घालत नाही. तिच्याच शब्दात सांगा. तुला शाळेत तोंड उघडत नाही असं तू म्हणालीस ना, असं बऱ्याच मुलांना होतं, त्या मुलांना मदत करणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांच्याकडं खेळणी आहेत, सुई नाही. आणि मुख्य वाक्य: "तिथं बोलायचंच असं काही नाही." हे तुम्ही मनापासून म्हणायला पाहिजे, नुसतं तोंडानं नाही, लेकरांना लगेच कळतं. एक-दोन दिवस आधी सांगा, आठ दिवस आधी नको, आठ दिवस ती काळजीच करेल.

तिचं एक खेळणं सोबत असू द्या, जे घरी खेळताना ती बडबड करते ते.

क्लिनिकला फोन करून विचारा की पहिल्यांदा लेकराला आणायचंय की आधी फक्त आई-वडिलांनी यायचंय. काही जण पहिली भेट फक्त मोठ्यांची ठेवतात. आणि लेकरासमोर तिच्याबद्दल "बोलतच नाही हो ही" सुरू करू नका. आई-बाबांना वेगळी वेळ द्या असं आधीच सांगून ठेवलं तर मॅडमनाही बरं पडतं.

लग्नाचं म्हणाल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, मॅडम कोणाला सांगत सुटणार नाहीत. सांगत सुटतात ते आपलेच लोक.

कडू_कारलं | गुरुवार, सकाळी ६:५०

केजच्या ताई, माफी असावी. रात्री वाचलं. माझ्या वर्गात पण एक होता असा, आम्ही त्याला गोळ्या दाखवून बोलायला लावायचो, आता कळलं काय करत होतो ते.

इंग्लिश मिडियमचं मत कायम आहे. तेवढं राहू द्या.

संचालक | गुरुवार, सकाळी ९:००

धागाकर्तीच्या विनंतीवरून शीर्षकातला एक शब्द बदलला आहे. डॉक्टर, सेंटर यांची नावं आणि फोन नंबर इथं टाकू नयेत, दोन प्रतिसाद त्यामुळे उडवलेत, व्यक्तिगत निरोप वापरा.

सेलूवाली | शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांना एकेकटं उत्तर देता येईना, फोनवरून लिहायलेय. शीर्षक बदललं, केजच्या ताई मला खरंच तो शब्द लिहिताना काही वाटलं नव्हतं, आता फार वाटायलंय.

व्हिडिओ काढले. फाईल केली: चिठ्ठी, लसीचं कार्ड, शाळेच्या वह्या, तिनं काढलेली चित्रं, आणि तो माणसांचा कागद. तो कागद लिहिताना आम्ही दोघं रात्री एक वाजेपर्यंत बसलो, नवऱ्यानं पहिल्यांदा यात डोकं घातलं. त्याला माहीत होतं की ती स्कूल रिक्षात पाण्याच्या टाकीच्या चौकापर्यंत बोलते, मला माहीतच नव्हतं. रिक्षावाल्या काकांनी त्याला सांगितलेलं.

अजून आठवडा आहे. काल तिनं स्वतःच विषय काढला म्हणून सांगून टाकलं, थोडं लवकर झालं का? तिचे तीन प्रश्न होते. सुई असते का. आज्जी येईल का. त्या मॅडमचं तोंड उघडतं का.

सासूबाई येणार आहेत. आक्काचं वाचून दाखवलं. म्हणल्या, उदगीरची बाई शाणी दिसती.

परभणी_अप_डाऊन | शुक्रवार, रात्री १०:३२

"त्या मॅडमचं तोंड उघडतं का" 😄 रिझर्व्हेशन झालं का पण?

सेलूवाली | शुक्रवार, रात्री १०:३४

झालं दादा, चार सीट.

यळवस_लातूर | शनिवार, दुपारी २:१०

उशिरा आलो धाग्यावर. आमच्या पोराचं पण थोडं असंच होतं, चिठ्ठीवर नाव वेगळं होतं पण पाव्हण्यांसमोर बंद. थेरपी चालू असताना मागच्या येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात गेलतो, वीस-पंचवीस माणसं, भज्जी, आंबील, उंडे, सगळे आपापल्या खाण्यात. कोणाचंच त्याच्याकडं लक्ष नाही. तर हा पठ्ठ्या चुलतमामाला म्हणतो, "मला अजून खीर." मामानं वाढली आणि पुढं गेला, त्याला काही माहीतच नव्हतं. आमच्या मॅडमना सांगितलं तर म्हणल्या, मामाला फी द्या.

सेलूवाली | पुढचा रविवार, सकाळी १०:२०

काल जाऊन आलो. रात्री घरी यायला अकरा वाजले म्हणून आता लिहायलेय. सविस्तर लिहिते, तुमचं सगळ्यांचं देणं आहे.

आत बोलवायच्या आधीच मॅडम बाहेर आल्या, आम्हाला नुसती मान हलवली आणि चिऊकडं न बघता सरळ खाली फरशीवर बसल्या, तिच्यापासून हातभर लांब. प्लास्टिकची जनावरं काढली. आणि स्वतःशीच बोलायल्या, "ही शेळी निघाली वाटतं बाजाराला, कुठं चालली कोण जाणे." कोणालाच प्रश्न नाही. पाच मिनिटं झाली, चिऊ माझ्या मागं. सासूबाईंना राहवलं नाही, त्या पण खाली बसल्या, गुडघे दुखतात तरी, आणि म्हणल्या, "ही शेळी बोरीच्या बाजारला चालली असंल." तेव्हा चिऊ हळूच सरकली, आज्जीच्या कानाला लागली आणि काहीतरी पुटपुटली. सासूबाई मोठ्यानं म्हणल्या, "ती म्हणायली शेळी न्हाई, बोकड हाय. दाढी बघा."

मॅडम म्हणल्या, "अरे हो की, बोकडच आहे," आणि पुढं खेळत राहिल्या. बस. मी पर्स एवढी आवळून धरली होती की चेनचे वळ उठले हातावर. केजच्या ताई तुम्ही नसता तर मी नक्की टाळ्या वाजवल्या असत्या.

मॅडमशी ती थेट काहीच बोलली नाही. पूर्ण वेळ. मॅडम म्हणल्या, मला घाई नाही.

मग आज्जी आणि ती बाहेर खेळत बसल्या आणि आम्हा दोघांना अर्धा तास आत घेतलं. व्हिडिओ बघितले, भांडणाचा दोनदा. माणसांचा कागद बघून विचारलं हा कोणी करायला सांगितला, म्हणलं लातूरच्या एक ताई आहेत. टाकीच्या चौकाखाली त्यांनी लाल रेघ मारली. कानाची तपासणी परभणीलाच करून रिपोर्ट पाठवा म्हणल्या. औषध काही नाही सध्या. नाव त्यांनी तेच सांगितलं, पण म्हणल्या अजून दोन भेटी होऊ द्या मग पक्कं लिहिते. पॅकेज नाही, मी विचारलंच बीडकरदादा. नंबर पण विचारला, नवरा लाजून खिडकीबाहेर बघायला.

पहिलं काम सुसूचं. बोलण्याचं नंतर बघू, आधी लेकराची सोय झाली पाहिजे, म्हणल्या. टीचरशी बोलायचं की तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर लाल खोडरबर ठेवलं की जाऊ द्यायचं, विचारायचं नाही काही. एवढी साधी गोष्ट तीन वर्षात कोणालाच सुचली नाही, मला पण नाही.

दुसरं काम सासूबाईंना दिलंय. शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा झाला की आज्जी आणि चिऊनं तिथं बसून गजगे खेळायचे, पंधरा मिनिटं. कोणी नाही, फक्त दोघी. वर्गात तिचा आवाज निघायची सवय लागू द्यायची. जमलं की मग टीचर दाराबाहेर वह्या तपासत बसणार, पुढच्या आठवड्यात दारात, मग आत शेवटच्या बाकावर. असं इंचाइंचानं.

वाचा_मदत | रविवार, सकाळी ११:०५

बरोबर रस्त्याला लागलात. एक सावधगिरी: टीचर बाकावर बसायला लागल्यावर मध्येच चार दिवस एकदम बंद होईल ती, तेव्हा घाबरून मॅडमना रात्री फोन करू नका, एक पायरी मागं या फक्त. शाळा तयार आहे का?

सेलूवाली | सोमवार, संध्याकाळी ६:४०

आज गेलो होतो. आधी नाहीच म्हणले, बाहेरच्या माणसाला वर्गात परवानगी नाही, सीसीटीव्ही, नियम, मॅनेजमेंट. मॅडमचं पत्र दाखवलं तरी नाही. शेवटी टीचरच म्हणल्या, मी थांबते ना पंधरा मिनिट, माझी जबाबदारी. मंगळवार आणि गुरुवार मिळालेत. लाल खोडरबराला तर लगेच हो.

आक्का_उदगीर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

सासूबाईला म्हणावं मुद्दाम हरू नको, लेकराला कळतंय.

सेलूवाली | सोमवार, रात्री ८:५५

सांगितलं आक्का. म्हणल्या, मुद्दाम हरायची गरजच न्हाई, ती चिटिंग करतीच.

उद्या पहिला दिवस. सासूबाईंनी शाळेत जायचं म्हणून कपाटातलं इरकल काढून गादीखाली घडी करून ठेवलंय. गजगे पाचातले तीनच सापडले, दोन खुराड्याखाली गेलेत म्हणे, दोघी बॅटरी घेऊन शोधायल्यात आणि कोंबड्या ओरडायल्यात.